पडद्याआडची जेवणं

एडन, ७ फेब्रुवारी १९५६

तीर्थरूप सगुणाबायेस सत्यवतीचा दंडवत.

रामचंद्र मास्तर, वाचणारे तुम्हीच, म्हणून तुम्हालाही नमस्कार. चौथीपर्यंत मला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवाल तर ती तुम्हालाच लागतील. आणि कृपा करून अंगणात बसून वाचू नका. शेजारच्या नीराबाई बोंबील वाळत घालायचं सोडून कान लावून बसतात, मला इथून दिसतं.

बाय, हे माझं पाचवं पत्र. चारांना तुझं एका ओळीचं उत्तर नाही. थोरली बहीण आहेस, राग आहे तर मास्तरांकडून चार शिव्या लिहवून घे. मास्तर लाजतील, पण लिहितील. रंगू कशी आहे, काय बोलते, कुणावर गेली, एवढं तरी कळव. आठ महिन्यांची पोर तुझ्याकडे ठेवून आले, ती पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल. तू कळवत नाहीस, पण मी माझं सांगणारच. गप्प बसणं मला कधी जमलंय?

तर ऐक. काल मी हॉटेलात जेवले. एकटी.

झालं, कपाळाला हात लावलास ना? आधी सगळं ऐकून तर घे. हे उजाडायच्या आत शेख उस्मान गावच्या मिठागरावर जातात. मुकादमी आहे, दिवस मावळेपर्यंत परत येत नाहीत. आम्ही राहतो त्या भागाला क्रेटर म्हणतात. चारी बाजूंनी काळे डोंगर, त्यावर औषधाला झाड नाही, मध्ये घरं आणि बाजार. दोन खोल्यांत मी आणि माझा स्टोव्ह. भात शिजवते, बघत बसते आणि झाकून ठेवते. काल कांदे आणायला म्हणून उतरले आणि मासळी भाजल्याचा असा वास आला की पाय तिकडेच वळले.

म्हाताऱ्या सालेहचं दुकान आहे. सुरमई पाठीकडून उभी चिरतो, पुस्तकासारखी उघडतो, लाल मसाला चोपडतो आणि लोखंडी सळईला अडकवून जमिनीतल्या भट्टीत सोडतो. मी दारात उभी राहिले तशी आतल्या दहा-बारा पुरुषांची तोंडं चालायची थांबली. मला वाटलं, आता हाकलतोय. पण त्याने कोपऱ्यातला गोणपाटाचा पडदा ओढला, आत एक खोकं उपडं घातलं आणि वर्तमानपत्रावर अख्खी सुरमई आणून ठेवली. सोबत परातीएवढी रोटी आणि पाट्यावर वाटलेली टोमॅटो-मिरचीची चटणी. बाय, मी काटे सोडून काही ठेवलं नाही. आमसूल हवं होतं. तेवढं एक सोडलं तर त्या माशाला तूही नावं ठेवली नसतीस, आणि तू तर जिताड्यालाही नावं ठेवतेस.

संध्याकाळी यांना सांगितलं. म्हणाले, "लोक काय म्हणतील?" म्हटलं, "अरबीत म्हणतील. मला कुठे कळतंय!" हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

एक काम कर. रंगूचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेनं रेघ मार आणि तो कागद पाठव. इथे सॅंडल चांगल्या मिळतात. मास्तर, पेन्सिल तुमची द्या, बाय चुलीतला कोळसा वापरेल.

अंबाजी भावजींना नमस्कार.

तुझी
सत्यवती


एडन, २९ मे १९५६

बाय,

कागद मिळाला. बाकी शब्द नाही, सही नाही, पण पाऊल आलं. मोठं झालंय ग. मी त्यावर हात ठेवून पाहिला तर माझ्या मनगटापासून मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत येतं. अंगठा बाहेरच्या बाजूला वळलाय, तो यांचा. आमच्या घरात असा अंगठा कुणाचा नाही. सॅंडल घेतल्या, तांबड्या. मुरुडच्या एका खलाशाबरोबर पाठवल्यात, त्याला रेवदंड्याला उतरून द्यायला सांगितलंय.

मुरुडवरून आठवलं. मला इथे मैत्रीण मिळाली. मुरुडची हलिमा. तिचा नवरा बोटीवर इंजिनात आहे. पहिल्याच दिवशी बाजारात मी मासेवाल्याशी हातवारे करून भांडत होते, तर मागून आवाज आला, "सोड गो, तो चोर हाय. माझ्यासंगती चल." परमुलखात आपल्या खाडीकडची बोली कानावर पडली आणि मला भर बाजारात रडू आलं. ती म्हणाली, "मासळी महाग झाली म्हणून कोणी रडतं का?"

आता आम्ही दोघी मिळून हिंडतो. मागल्या आठवड्यात बंदराकडच्या एका सोमाली हॉटेलात गेलो. पडदा तिथेही होता, खोकंही होतं. भात आला, वर बोकडाचं मटण आणि ताटाच्या कडेला सोललेलं अख्खं केळं. मी म्हटलं, हे जेवणानंतर खायचं. तर हलिमा म्हणाली, नाही, भाताबरोबर कुस्करायचं. बाय, मटण, भात आणि केळं! मी नाक मुरडलं. मग खाल्लं. मग दुसरं केळं मागितलं. मास्तर, हसू नका, तुम्ही आमटीत गूळ घालता ते आम्ही कधी बोलतो का?

तू म्हणशील, हिला घर नाही का. आहे. शेजारी गुजराती बायका आहेत, चांगल्या आहेत. हळदीकुंकवाला बोलावतात, ढोकळा देतात आणि दुसऱ्या घासाला विचारतात, "पोरंबाळं किती?" पहिल्यांदा सांगितलं, एक मुलगी आहे, गावी बहिणीकडे आहे, निघताना तापाने फणफणली होती, डॉक्टर बोटीवर नेऊ नका म्हणाले. सगळ्या हळहळल्या. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या घरी पुन्हा तेच विचारलं, आणि मला तेच सगळं पुन्हा सांगवेना. आता मी जातच नाही. अरबांच्या हॉटेलात मला कोणी काही विचारत नाही. विचारलं तरी मला कळत नाही. म्हणून तिथे जेवण जातं.

घरात बसलं की चार भिंती मोजते. उठते, चप्पल घालते, निघते.

सत्यवती


एडन, ३ डिसेंबर १९५६

बाय,

सुवेझचा कालवा बंद झालाय. मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. बंदरात रोज डझनावारी आगबोटी यायच्या, आता पाणी मोकळं पडलंय. हॉटेलं ओस आहेत. सालेह भट्टी अर्धीच पेटवतो. मी गेले तर पडदा ओढायचीही गरज नव्हती, तरी त्याने ओढला. रीत म्हणजे रीत.

हलिमाच्या नवऱ्याची बोट भलत्याच बंदरात अडकली आहे. ती काही खात नाही. मी तिला ओढून चहाला नेते. इथला चहा दुधात वेलदोडा घालून तासभर उकळतात, चमचा उभा राहील असा. ती एक घोट घेते आणि समुद्राकडे बघत बसते.

आता मुद्द्याचं. यांना कंपनीने आणखी तीन वर्षं वाढवून दिली. म्हणजे आम्ही लगेच येत नाही. आणि रंगू आता धट्टीकट्टी आहे. हलिमा पुढच्या थंडीत मुरुडला जाणार आहे, येताना रंगूला आणील. मी इथे शाळेचीही चौकशी केली आहे. ताप होता म्हणून ठेवली होती, आता ताप नाही. बाय, माझी पोर मला दे.

हे मी रागाने लिहीत नाही. विनंतीनेच लिहिते. तिचे कपडे धुऊन घडी घालून ठेव, बाकी काही देऊ नकोस.

सत्यवती


एडन, २३ मार्च १९५७

बाय,

आज रंगूला चार वर्षं झाली. तू काय केलंस? नारळाच्या दुधातल्या शेवया केल्यास का?

मी आज एकटीच निघाले. मनात आलं, आज नवीन काहीतरी खायचं. पाण्याच्या टाक्यांकडे जाणाऱ्या वाटेवर एक डोंगरातल्या अरबांचं हॉटेल आहे. दगडी भांडं चुलीवरून थेट समोर आणून ठेवतात, आतलं मटण खदखदत असतं आणि वर पांढऱ्या फेसाचा गोळा. मला वाटलं, अंड्याचा फेस असेल. रोटी बुडवली, तोंडात घातली.

मेथी होती ग. मेथी वाटून, भिजवून, फेटून फेटून फेस केलेला.

तू मला चाळीस दिवस मेथीचे लाडू खायला घातलेस. मी कडू म्हणून थुंकायचे आणि तू माझं नाक धरून भरवायचीस, म्हणायचीस, "खा गो, पोरीला दूध नको का?" माझ्या जिभेला ती चव कळली आणि बाय, खोटं नाही सांगत, माझी छाती दुखायला लागली. चार वर्षांनी. पदर तोंडात कोंबून त्या पडद्याआड मी इतकी रडले की बाहेरची सगळी बडबड थांबली. मग कुणीतरी पडद्याखालून पाण्याचा तांब्या आत सरकवला.

बोटीवर बसले त्या दिवशी माझं दूध सुरू होतं. पाच दिवस चोळी भिजत होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तर, माफ करा, तुम्हाला वाचावं लागतंय. पण तुम्हालाही मुलं आहेत.

मी काहीतरी विचित्र लिहितेय. थांबते.

सत्यवती


एडन, १२ जानेवारी १९५८

सगुणाबाईस,

हलिमा काल आली. एकटी आली.

बोटीच्या शिडीवरून ती उतरताना मी तिच्या मागे बघत होते, तिच्या पदराशी बघत होते. ती म्हणाली, "आधी घरी चल." तिथेच मला कळलं.

ती तुझ्याकडे दोन दिवस राहिली. सांगत होती, पोर गोड आहे, केस दाट आहेत, खाडीवर सगळ्यांत पुढे पळते. आणि तुला आई म्हणते. अंबाजी भावजींना बाबा म्हणते. हलिमाने पोरीला विचारलं, "एडनला येतेस का आईकडे?" तर ती तुझ्या लुगड्यात शिरली आणि म्हणाली, "माझी आई हाय इथंच."

आणि नीराबाईंनी अंगणात उभं राहून हलिमाला ऐकवलं म्हणे: "पाच बायकांदेखत ओटीत घातली, वर नारळ ठेवला. दिलेली पोर परत मागतात व्हय?"

मी दिली? कधी दिली? बाय, तू तिथे होतीस ना? अलिबागची गाडी सुरू झालेली. तू माझी ओटी भरलीस, तांदूळ, नारळ, खण. माझ्या पदरात ते ओझं, कडेवर पोर, कंडक्टर घंटी मारतोय. मी पोर तुझ्या पदरात ठेवली. माझ्या ओटीतला नारळ निसटत होता, म्हणून तोही तिच्याजवळ ठेवला, मूठभर तांदूळ पडले असतील. तुला कुंकू लावलं, कारण निघताना थोरल्या बहिणीला कुंकू लावतात. यात देणं आलं कुठून? आपल्या रीतीभातीत पोर ओटीत घालणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. तसं द्यायचं असतं तर तोंडाने बोलले नसते का? मी आणि न बोलता काही करते?

तुला पंधरा वर्षं मूल नव्हतं म्हणून माझं घेतलंस. हेच खरं. तू मला वाढवलंस, आईबाप गेल्यावर सासरी घेऊन आलीस, सासूची बोलणी खाल्लीस, सगळं मान्य. पण त्याची भरपाई अशी घेतात?

मास्तर, हे अंगणात वाचा. नीराबाईंना ऐकू द्या.

सत्यवती दयाराम


एडन, १४ जानेवारी १९५८

मास्तर,

परवाचं पत्र आधी पोचलं असेल तर वाचू नका. वाचलं असेल तर बायेला सांगा, सत्यवतीचं डोकं फिरलं होतं. भरपाईचं लिहिलं ते माघारी घेते. बाकीचं घेत नाही.

सत्यवती


एडन, २० एप्रिल १९५८

बाय,

मास्तरांचं पत्र आलं. साडेचार वर्षांत तुझा पहिला शब्द आला, तोही मास्तरांच्या अक्षरात. मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर कागद फाटला.

मास्तर लिहितात, जूनमध्ये रंगूचं नाव शाळेत, बिगारीत घालायचं आहे. बापाचं नाव काय लावायचं, अंबाजी की दयाराम, ते ठरलं पाहिजे. आणि तू म्हणालीस ते त्यांनी जसंच्या तसं उतरवलंय: "सतीला लिवा, माझं भांडण न्हाय. तवा पोरीला ताप होता का न्हवता, येवढंच तिनं सांगावं. ताप होता तर नड होती, नडीला ठेवली, तिनं न्यावी. हलिमाची जाऊ मे सरता एडनला निघतेय, तिच्यासंगती मी सोता बोटीवर बसवून देईन. ताप न्हवता तर दिली. मग माझी. ती सांगेल ते मी मानीन."

बस, एवढंच. एका शब्दाचं उत्तर.

यांना वाचून दाखवलं. हे उठून उभेच राहिले. म्हणाले, "मग लिही ना! आत्ता लिही! होता म्हणून लिही, उद्याच्या टपालाला टाकतो." यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता. संध्याकाळी एक लाकडी पाळणा-खुर्ची घेऊन आले. म्हटलं, अहो, पाच वर्षांची आहे ती. तर खुर्चीकडे बघत राहिले. यांच्या डोक्यात ती अजून आठ महिन्यांचीच आहे.

त्याला आज चार दिवस झाले. मी लिहिलेलं नाही. घरात बसवत नाही. परवा सालेहकडे गेले, मासा समोर ठेवला आणि उठून आले. त्याने मागून हाक मारली. काल सोमाल्याकडे गेले, तिथूनही उठले. आज त्या दगडी भांड्याच्या हॉटेलात जाऊन फेस न ढवळता नुसती बसून राहिले. हलिमा म्हणते, "तुला झालंय काय? सोन्यासारखी बहीण, दारात आणून देतेय. एक शब्द लिहायला हात मोडलाय?"

हे रोज येऊन विचारतात, "टाकलंस का पत्र?"

आज नाही जमत. उद्या लिहिते.

सत्यवती


एडन, ४ मे १९५८

तीर्थरूप सगुणाबायेस,

मास्तर, हे पत्र वाचण्याआधी रंगूला बाहेर खेळायला पाठवा. मग अंगणात बसा. नीराबाईंना बोलवा, आणि त्या दिवशी गाडीपाशी होत्या त्या बाकीच्या चौघींनाही. ओटी पाच जणींदेखत झाली, तर हेही पाच जणींदेखत होऊ दे. मोठ्याने वाचा. कुठे अडखळू नका.

रंगूला शनिवारी ताप आला. खरा ताप. सोमवारी तू तिला अलिबागला नेलीस आणि डॉक्टर म्हणाले, ताप असेपर्यंत बोटीवर नेऊ नका. हे आदल्या दिवशीच कागदपत्रांसाठी मुंबईला पुढे गेले होते. मंगळवारी पहाटे मला जाग आली तेव्हा रंगू जागी होती. कपाळ थंड होतं. ती दूध प्याली, माझं मंगळसूत्र ओढलं आणि हसली. ताप उतरला होता, बाय. तू खाडीवर वाळत घातलेली मासळी उलथायला गेली होतीस. गाडी नऊची होती.

मी चुलीवरच्या पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि तिच्या कपाळावर ठेवलं. तू येईपर्यंत तीनदा ठेवलं. तू आलीस, हात धुतलास आणि तिच्या कपाळाला लावलास. मी म्हटलं, बघ, अजून फणफणतेय.  तू तुझ्या तळव्याकडे बघितलंस. तो ओला झाला होता. मग माझ्याकडे बघितलंस.

म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. आणि एवढी वर्षं तू हे कुणालाही बोलली नाहीस. मी तुला अंगणात वाचायला शिव्या पाठवल्या, तेव्हाही नाही.

का केलं ते विचारशील. मी एकोणीस वर्षांची होते. पाचव्या वर्षापासून तुझ्या मागे टोपल्या वाहिल्या, सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्याला बाळंतपण. बोट दिसत होती आणि मला वाटलं, एकदा मोकळ्या हातांनी जाऊ दे. एकदाच कुणाच्या दुधाची, शेणाची, मासळीची काळजी नको. वाटलं, दोन वर्षांत येईन, कोणाचं काय बिघडतंय. तुला पोर आवडते, तुझ्याकडे सुखात राहील. गाडीपाशी तुझ्या ओटीत ठेवली तेव्हा नारळ निसटत नव्हता. मी तो उचलून ठेवला. ठेवताना मला माहीत होतं काय करतेय. माझं मलाच वाटलं होतं की द्यायचीच तर नीट रीतीने द्यावी, म्हणजे मला मागे वळून बघावं लागणार नाही. बोट सुटायच्या आत मला पस्तावा झाला होता. पण सांगणार कुणाला?

गुजराती बायकांना सांगितलेलं खोटं होतं. हलिमाला सांगितलेलं खोटं होतं. यांना तर मुंबईच्या धक्क्यावर, हे "रंगू कुठाय?" म्हणाले तेव्हा, मी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. ते पाणी खरं होतं, गोष्ट खोटी होती.

परवा यांना सगळं सांगितलं. आधी मला वाटलं, मारतील. मारलं नाही. मिठागरावर निघून गेले, दोन दिवस तिथेच झोपडीत राहिले. आज सकाळी आले. म्हणाले, "होता म्हणून लिहिलं असतंस तर पोर आली असती." मी म्हटलं, "आली असती. आणि बायेने मानलं असतं. खोटं आहे हे माहीत असून तिने आपल्या हाताने पोर बोटीवर बसवली असती. मग मी रोज त्या पोरीच्या कपाळाला हात कसा लावू?" यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "दे, सही करतो. आज माझ्याशी बोलू नकोस." खाली त्यांची सही आहे. म्हणजे मी एकटीने ठरवलं असं कुणी म्हणायला नको.

मला ती हवी आहे, बाय.  पण तू विचारलंस ते खरं सांगते. ताप नव्हता. दिली. तुझी.

पुढच्या दिवाळीला आम्ही दोघं येऊ. तू येऊ देशील तर अंगणापर्यंत, नाहीतर नुसतं खाडीपलीकडून बघून जाऊ. ती मला काय म्हणेल ते तू ठरव.

मास्तर, आता तुमच्यासाठी. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव अंबाजी लिहा आणि आईचं सगुणा. फक्त जन्मतारीख तुम्ही सगळ्या पोरांना सरसकट एक जून लावता तशी लावू नका. कुणी विचारलं तर माझं नाव सांगायची गरज नाही. पण ती तेवीस मार्च एकोणीसशे त्रेपन्नला, सोमवारी, उजाडता उजाडता झाली. मी तिथे होते.

सत्यवती

दयाराम